एका पावसाळ्यापुरती चप्पल

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. वळवाची एक सर नुकतीच पडून गेली होती आणि साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला ओल्या मातीचा वास भेळेच्या गाड्यांवरच्या कांद्यात मिसळला होता. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी त्यांना चपलांच्या दुकानात घेऊन गेले होते. दुकानदाराने दोन जोड पुढ्यात ठेवले. एक चामड्याचा, जाड तळाचा. दुसरा रबरी, पावसाळी, स्वस्तातला. चामड्याच्या जोडाला अण्णांनी हातही लावला नाही. रबरी चपलेत पाय सरकवले, दोन पावलं टाकली आणि म्हणाले, “हीच द्या. एक पावसाळा निघाला म्हणजे झालं.” दुकानदार भला माणूस. म्हणाला, “साहेब, वर्षभरसुद्धा टिकायची नाही ही.” अण्णा म्हणाले, “बास की तेवढी.” मी पैसे दिले, पिशवी उचलली, आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

रात्री पुण्याला परतताना खंबाटकीच्या बोगद्यात ते वाक्य माझ्या डोक्यात परत आलं. आमच्या घरात एक नियम होता. एकदाच घ्यावं, पण धड घ्यावं. अण्णा एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं मेकॅनिक होते. साधा स्क्रू ड्रायव्हर घेतानासुद्धा मूठ दाबून बघायचे, पातं नखावर घासून बघायचे. मला पाचवीत घेतलेली छत्री मी बारावीपर्यंत वापरली, कारण दर जूनमध्ये ते तिच्या काड्यांना तेल द्यायचे. तो माणूस आज म्हणाला, एक पावसाळा निघाला म्हणजे झालं. ते पैसे वाचवत नव्हते. ते हिशेब करत होते, आपल्याला अजून किती चालायचंय याचा.

आणि दुकानात शेजारी उभी असून मला ते ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या सहा महिने आधी, दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल, पहाटे अण्णांना अटॅक आला. छातीत दुखलं म्हणण्यापेक्षा जबडा आणि डावा दंड आवळल्यासारखा झाला आणि आईने दार उघडेपर्यंत बनियन घामाने निथळत होतं. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी ब्लॉकेज निघाले आणि आठवड्याभरात पुण्यात बायपास झाली. पहिले काही दिवस अण्णा मोठ्या उत्साहात होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पेपरच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून दाखवायचे. ही मेन लाईन, हा इथं कचरा बसलेला, आता पायातली शीर काढून इथून इथं बायपास दिलाय. श्वासाच्या व्यायामासाठी तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं देतात ना, त्यातली तिसरी गोळी वर चढली की नर्सला हाक मारून दाखवायचे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची असते, म्हणजे तारेने बांधलेलं छातीचं हाड हलत नाही. ती उशी ते लहान मूल कवटाळावं तशी धरायचे. घरी आल्यावर पंधरा दिवसांत चित्रं थांबली. गोळ्यांचं खेळणं कपाटावर गेलं. उशी मात्र मार्चपर्यंत मांडीवर होती. तोपर्यंत छातीचं हाड केव्हाच जुळून आलं होतं.

घरी माणसांची रीघ लागली होती. शहाळी, सफरचंदं, गोंदवल्याचा अंगारा. प्रत्येकजण एकच बोलायचा, दुसरा जन्म मिळाला म्हणायचा, आता कसलं टेन्शन घेऊ नका. अण्णा मान डोलवायचे. मला आता वाटतं, त्या मान डोलवण्यात त्यांची फार दमणूक होत होती. ज्याला देवाने, डॉक्टरांनी आणि मुलांनी मिळून वाचवलंय, त्याने उदास व्हायचं तरी कोणत्या तोंडाने? एकदा त्यांचे कार्यशाळेतले मित्र आले होते. बिलाचा विषय निघाला. अण्णा म्हणाले, “एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कोणी करत नाही. डेपो असता तर स्क्रॅपला काढली असती.” सगळे खो खो हसले. मीही हसले. चहाचा ट्रे माझ्या हातात होता, हसताना कप किणकिणलेलेही आठवतात. अण्णा हसत नव्हते, हेही आता आठवतं.

आम्ही त्यांना जपत होतो. हे मला नीट लिहायचंय, कारण यात कोणाची वाईट बुद्धी नव्हती. डॉक्टरांनी दोन-तीन महिने वजन उचलू नका सांगितलं होतं. आम्ही ते सहा महिने लांबवलं. बादली आई उचलायची, गॅसचा सिलिंडर शेजारचा मुलगा फिरवायचा, लाईट बिल माझा भाऊ फोनवरून भरायचा. गल्लीतल्या कोणाची स्कूटर बंद पडली तर पूर्वी ती आपसूक आमच्या दारात येऊन उभी राहायची. आता आईने सगळ्यांना सांगून ठेवलं, ह्यांना त्रास देऊ नका. वाईट बातमी घरात येऊ द्यायची नाही, म्हणून त्यांच्या जवळच्या मित्राचं निधन आम्ही दहा दिवस लपवलं. ते त्यांना पेपरातल्या फोटोवरून कळलं. कोणी रागावलं नाही, कोणी रडलं नाही. अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. एक माणूस अख्खाच्या अख्खा आम्ही काचेच्या कपाटात ठेवला होता आणि तो गप्प का, याचं आम्हाला आश्चर्य वाटत होतं.

गप्प तरी कसं म्हणावं? बोलायचे. जेवण झालं का विचारायचे. पण पहाटे साडेतीन-चारला जाग यायची, मग झोप परत लागायची नाही. जेवणात दोन घास कमी झाले. दहा वर्षं रोज सकाळी साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर चढून जाणारा माणूस अंघोळ केली तरी दमला म्हणून बसायचा. आणि या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. झोप नाही? एवढं मोठं ऑपरेशन झालंय. भूक नाही? गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल. थकवा? पंपिंग अजून पूर्ण सुधारलेलं नाही. मनाच्या आजाराची जवळजवळ सगळी लक्षणं हृदयाच्या खात्यावर जमा करता येतात, हीच यातली मोठी फसगत. घरचेही फसतात आणि पुष्कळदा दवाखानेही. फेब्रुवारीत तपासणीला गेलो तेव्हा छातीत दुखतं का, दम लागतो का, पायाला सूज येते का, हे तीन प्रश्न झाले. तिन्हींचं उत्तर नाही. इको चांगला होता. टाके छान भरले होते. “फर्स्ट क्लास,” असं ऐकून आम्ही बाहेर पडलो. लिफ्टची वाट बघताना अण्णा म्हणाले, “रिपोर्ट चांगला आलाय म्हणजे मीच काहीतरी नाटक करतोय.” मी म्हटलं, असं काय बोलता. आणि लिफ्ट आली.

शेजारच्या काकूंनी मात्र फार आधी ओळखलं होतं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या आणि स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणाल्या, “भाऊजींनी धसका घेतलाय बघा.” धसका. आजी हा शब्द वापरायची. विहिरीत पडता पडता वाचलेलं पोर, बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आलेली सून, दरड कोसळताना बघितलेला माणूस. शरीर वाचलं पण आत काहीतरी बसलं, ते उठत नाही. भीती येते आणि जाते. धसका घेतला जातो आणि राहतो. आजी त्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळायची, पण त्यासोबत एक शहाणपणाची गोष्टही करायची. त्या माणसाला एकटं बसू द्यायची नाही, काहीतरी काम हातात द्यायची. शेंगा फोडायला, वाती वळायला. आम्ही शिकलेली मंडळी. आम्ही काकूंचं बोलणं ऐकलं आणि सोडून दिलं.

चपलेच्या त्या दिवसानंतर मी पुढच्याच शनिवारी परत साताऱ्याला गेले. का ते आईला सांगितलं नाही. अण्णा दुपारी पडले होते तेव्हा गोळ्यांचा डबा उघडला आणि स्ट्रिपा मोजायला बसले. महिन्याच्या आणलेल्या होत्या, बिलावर तारीख होती. जेवढ्या संपायला हव्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त उरल्या होत्या. कोलेस्टेरॉलच्या तर दोन स्ट्रिपा फोडलेल्याच नव्हत्या. डब्याच्या तळाशी रक्त पातळ ठेवणारी एक पांढरी गोळी सुटी पडली होती, तिला धूळ लागली होती. ती गोळी तळहातावर घेऊन मी किती वेळ बसले होते कोण जाणे. त्यांनी गोळ्या बंद केल्या नव्हत्या. विसरतही नव्हते. घ्यावीशी वाटली तर घ्यायचे, नाही वाटली तर नाही. त्यांना उठवून मी जे बोलले ते मला आजही टोचतं. आम्ही सगळे एवढं करतोय, आईकडे बघा, तुम्ही जरासुद्धा प्रयत्न करत नाही. अण्णा कॉटच्या कडेला बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. पूर्वीचे अण्णा वाद घालायचे.

सोमवारी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली, बीपी बघितलं, मग खुर्ची जरा पुढे घेऊन विचारलं, “काका, गेल्या दोन आठवड्यांत असं कितीदा झालं, की एखादी गोष्ट करण्यात रसच वाटत नाहीये? आणि उदास वाटणं, पुढचं सगळं अंधारल्यासारखं वाटणं, असं किती दिवस?” दुसऱ्याचं उत्तर अण्णांनी झटकन दिलं. उदास वगैरे काही नाही. आमच्याकडच्या पुरुषांना उदास हा शब्द स्वतःसाठी वापरता येत नाही. पहिल्या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले. वर पंखा खडखडत होता, त्याकडे बघत म्हणाले, “इंजिन चालू आहे डॉक्टर. पण गिअर पडत नाही.” बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

ते दोन प्रश्न बाईंच्या मनचे नव्हते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ सालीच सांगून ठेवलंय, की हृदयरोग्याला हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर होकारार्थी आलं तर पुढे नऊ प्रश्नांची यादी घ्या. दोन मिनिटांचं काम. त्याला यंत्र लागत नाही, उपाशीपोटी यावं लागत नाही. त्या आठवड्यात मी रात्र रात्र वाचत होते. अटॅक येऊन गेलेल्या साधारण दर पाच माणसांत एकाला नुसती मरगळ नव्हे, पुरतं नैराश्य येतं. त्याहून सौम्य छटा धरल्या तर आकडा आणखी वाढतो. माँट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अटॅक आलेल्या २२२ रुग्णांशी इस्पितळात असतानाच बोलून नोंदी केल्या आणि १९९३ मध्ये त्या छापल्या. ज्यांना नैराश्य होतं त्यांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ चौपट निघाला, आणि तोही हृदयाची अवस्था हिशेबात धरून. हे वाचलं तेव्हा मी उठून पाणी प्यायले. सहा महिने. आमचे सहा महिने नुकतेच सरले होते. ते आम्ही निव्वळ नशिबाने काढले होते.

असं का होतं याची उत्तरंही मिळाली. खिन्न माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट्स लवकर चिकटतात, म्हणजे गुठळीला आमंत्रण. ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात. निरोगी हृदयाच्या ठोक्याठोक्यातलं अंतर गरजेप्रमाणे किंचित कमीजास्त होत असतं, ते नैराश्यात एकसुरी होत जातं. आणि याखेरीज साधी गोष्ट, माणूस गोळी घेत नाही, चालायला जात नाही, जेवणाचं पथ्य पाळत नाही. धूळ लागलेली ती पांढरी गोळी मला कोणत्याही शोधनिबंधापेक्षा जास्त सांगून गेली होती. एक गैरसमजही दूर झाला. रक्तदाबाच्या आणि ठोके आवरणाऱ्या गोळ्यांमुळे डिप्रेशन येतं असं भावाने कुठेतरी ऐकलं होतं आणि त्या बंद करू या म्हणून तो हट्ट धरून बसला होता. ठोके आवरणाऱ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर गोळ्यांबद्दलचा हा समज फार जुना आहे, पण पुढच्या मोठ्या पडताळण्यांत त्याला आधार मिळालेला नाही. त्या गोळ्या मनाने बंद केल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचारही नको.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं म्हटल्यावर घरात वादळ झालं. आत्या म्हणाली, चांगला धडधाकट माणूस, त्याला वेड्याच्या डॉक्टरकडे नेताय. अण्णांनी एवढंच विचारलं, ही गोळी हार्टला चालेल का. फार रास्त प्रश्न. जुन्या पिढीतली नैराश्याची काही औषधं हृदयाला खरोखरच सोसत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना सर्ट्रालिन दिली आणि बसून समजावलं, की २००२ मध्ये ३६९ हृदयरोग्यांवर हिचा अभ्यास झालेला आहे आणि हृदयाच्या दृष्टीने ती सुरक्षित निघाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते, तेव्हा हिरड्यांतून रक्त आलं, काळी शौचाला झाली तर लगेच कळवा, हेही सांगितलं. अण्णांनी खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या हातात पेन बघितलं.

औषधाने मन सुधारलं की हृदयही वाचतंच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ अडीच हजार रुग्णांवरचा मोठा प्रयोग आला, त्यात समुपदेशनाने नैराश्य कमी झालं, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे अटॅक काही कमी झाले नाहीत. उलट २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या ३०० रुग्णांत वेगळं दिसलं. सहा महिने नैराश्याचं औषध घेतलेल्यांपैकी आठेक वर्षांत पुन्हा हृदयाचा मोठा त्रास झालेले शंभरात सुमारे ४१, आणि आत औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांत ५४. तज्ज्ञ त्यावर वाद घालोत. माझ्यापुरतं म्हणाल तर आयुष्य एका दिवसानेही वाढणार नसतं तरी मी त्यांना तिथे नेलं असतं. पहाटे साडेतीनला छताकडे बघत पडून राहणं हा स्वतःच एक त्रास आहे, आणि त्यावर उपाय आहे. दुखण्यावर औषध द्यायला आणखी कुठलं कारण हवं?

पहिले दोन आठवडे नुसती मळमळ. आई म्हणाली, बघ, मी सांगत होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका सकाळी फोनवर आई कुजबुजली, “आज चहात साखर कमी आहे म्हणून ओरडले गं.” तिच्या आवाजात इतका आनंद होता. पण सरळ रेषेत काहीच झालं नाही. गणपतीत पुन्हा आठ दिवस खोलीबाहेर आले नाहीत. समुपदेशक बाईंकडे पहिल्या दोन बैठकांत गप्प बसले, तिसऱ्या बैठकीत बायपासचं चित्र काढून दाखवलं, चौथीत सांगितलं, की रात्री झोपायची भीती वाटते, झोपेत इंजिन बंद पडलं तर कोणाला कळणार. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आणि तेव्हाच कळलं, की शेजारच्या कॉटवर आई त्याच भीतीने जागी असायची, त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत. दोघं एकमेकांची झोप मोडू नये म्हणून हलत नव्हते. एका खोलीत, अंधारात, सहा महिने. डॉक्टर बाईंनी आईचंही बीपी बघितलं आणि तिलाही तेच दोन प्रश्न विचारले. तिची गोष्ट वेगळी आहे, ती कधीतरी.

आम्ही काचेचं कपाट हळूहळू उघडलं. डॉक्टरांना विचारून आधी अर्धी बादली, मग चार भिंतीच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मग शेजारच्यांची स्कूटर. ती दारात येऊन लागली त्या दिवशी आईचा जीव वरखाली होत होता. अण्णांनी कार्ब्युरेटर उघडला, जेट तोंडाला लावून फुंकर मारली. पेट्रोलचा वास घरभर झाला.

या मे महिन्यात मी गेले तर अण्णा घरी नव्हते. आई म्हणाली, चांभाराकडे बसलेत तासभर. जाऊन बघते तर नव्या चामड्याच्या चपलेला टायरचा सोल मारून घेत होते आणि खिळा कुठे बसवायचा यावरून दोघांची जुंपली होती. “इथं मारलास तर टाच झिजेल बघ,” अण्णा सांगत होते. चांभार म्हणत होता, काका, धंदा माझाय. मी लांबच उभी राहिले. काम झालं, अण्णांनी चप्पल हातात घेऊन सोल दोन्ही अंगठ्यांनी वाकवून बघितला, पैसे दिले आणि पायात घालून निघाले. टायरच्या सोलाचा रस्त्यावर पट् पट् आवाज येत होता.

घराच्या पायरीवर ते टेकले. मी आत पाणी आणायला गेले. परत आले तर डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून, डोळे घड्याळाच्या काट्यावर लावून बसले होते. ही सवय गेलेली नाही, दिवसातून तीन-चारदा असतेच. पूर्वी मी हटकायची, अण्णा पुरे आता. या वेळी पाण्याचा तांब्या खाली ठेवून शेजारी बसले. मिनिट पुरं झालं. त्यांनी बोटं काढली.

“चौसष्ट,” म्हणाले, आणि पाणी प्यायले.